कोरड्या विहिरीचा खर्च: लगेच तोटा की ताळेबंदात मुक्काम?

1974 मध्ये ‘सागर सम्राट’ला मुंबई हायमध्ये तेल लागलं, हे मुंबईकराला पाठ असतं. कोरड्या निघालेल्या विहिरी मात्र वार्षिक अहवालाच्या टिपांमध्येच सापडतात. तेलकंपनीचा शेअर घ्यायचा असेल, तर आधी तिथे डोकवा.

हा खर्च हिशेबात मांडायच्या पद्धती दोन. ‘सक्सेसफुल एफर्ट्स’मध्ये शोधविहीर कोरडी ठरली की तिचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा होतो, सर्वेक्षणाचा तर होतोच. ‘फुल कॉस्ट’मध्ये सगळा खर्च, कोरड्या विहिरींसकट, मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसतो आणि तेल निघेल तसा हळूहळू खर्ची पडतो.

काल्पनिक आकडे घेऊ. पाच विहिरी, प्रत्येकी 200 कोटी, चार कोरड्या. पहिल्याच वर्षी साठ्यातलं 10 टक्के तेल काढलं. सक्सेसफुल एफर्ट्सवाल्याला कोरड्या विहिरींचे 800 अधिक यशस्वी विहिरीच्या 200 चे 10 टक्के म्हणजे 20, असा 820 कोटींचा फटका. फुल कॉस्टवाल्याला 1000 चे 10 टक्के, फक्त 100. पण दुसऱ्या वर्षी नवी विहीर न खणता तेवढंच तेल काढलं, तर पहिल्याचा खर्च 20 वर येतो, दुसऱ्याचा 100 च राहतो. म्हणजे सक्सेसफुल एफर्ट्सवाली कंपनी शोध थांबवल्यावर जास्त देखणी दिसते! एका वर्षाच्या पी/ई वर (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) भाळू नका ते यासाठी.

फुल कॉस्टमध्ये तोटा दडतो, पण कायमचा नाही. अमेरिकेत दोन्ही पद्धती चालतात. फुल कॉस्टवाल्यांना ‘सीलिंग टेस्ट’ द्यावी लागते, म्हणजे ताळेबंदातला खर्च साठ्याच्या मोलावरून ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर जादाची रक्कम तोटा म्हणून काढून टाकावी लागते (राइट-ऑफ). तेलाचे भाव कोसळले की जुन्या कोरड्या विहिरींचं ओझंही त्या मोठ्या राइट-ऑफमध्ये बाहेर येतं. दोष मात्र भावाला दिला जातो.

आपल्याकडे ओएनजीसी सक्सेसफुल एफर्ट्सच पाळते. रिलायन्स पूर्वी फुल कॉस्टवर होती; इंड-एएस (भारतीय लेखा मानकं) लागू करताना तिनेही पद्धत बदलली, आणि फरक थेट सुरुवातीच्या राखीव निधीत टाकला. त्यामुळे तिचे आधीचे आकडे ओएनजीसीच्या शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका.

मला सक्सेसफुल एफर्ट्सच पटते. वाईट बातमी निदान वेळेवर कळते. तिथेही एक फट आहेच: निकाल न लागलेल्या शोधविहिरींचा खर्च ताळेबंदात थांबून राहतो. ती रक्कम वर्षानुवर्षं फुगत असेल, तर कोणत्या विहिरी किती काळ लटकल्यात ते आधी बघा. दोन पद्धतींच्या कंपन्या समोर असतील, तर नफा बाजूला ठेवा आणि शोध व खोदकामावर रोख किती गेली ते पाच वर्षांचं ताडून पाहा.