‘हजारपट’ मायक्रोस्कोप: आठ महिने वापरून झाल्यावर

परवा रात्री चार्जिंगची पिन घालायला गेलो आणि ते भोकच आत गेलं. हळूच ‘टक’ असा आवाज झाला, बस्स. आता यंत्राला वीज द्यायला वाट नाही. बॅटरीत दोन रेघा उरल्यात, त्या संपल्या की हे प्रकरण संपलं.

कंपनीला लिहिलं. उत्तराची सुरुवात ‘प्रिय मित्रा’ अशी. तेव्हाच समजलो, काही खरं नाही. म्हणाले, बिघाडाचा व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग म्हणाले, व्हिडिओत यंत्र चार्ज होताना दिसत नाही. अहो, होत नाही हीच तर तक्रार आहे! तिसऱ्या मेलमध्ये तोडगा आला: वीस टक्के पैसे परत देतो, यंत्र तुमच्याकडेच ठेवा. ३९ डॉलरचे वीस टक्के म्हणजे सात डॉलर ऐंशी सेंट. मी अजून ‘हो’ म्हटलेलं नाही. म्हणणार आहे, पण आणखी दोन मेल खर्ची घालून मग.

पडदा किती इंची, दिवे किती, हे सगळं खोक्यावर छापलेलं आहे, ते इथे उगाळत नाही. फक्त ‘हजारपट’ हा शब्द मनातून काढून टाका. साठपटीच्या पुढे चित्र नुसतं ताणलं जातं, जास्त काही दिसत नाही. नाणी किंवा पोस्टाची तिकिटं पाहणाऱ्यांना हे ठाऊक असेलच.

मी हे घेतलं बेसबॉलच्या जुन्या कार्डांसाठी. आम्ही मिशिगनमध्ये बॅटल क्रीकजवळ राहतो. केलॉग्ज आणि पोस्ट, दोन्ही नाश्त्याच्या धान्यवाल्यांचं हे माहेर. वारा फिरला की गावात भाजक्या धान्याचा वास येतो. गेल्या वर्षी जवळच एका घरातलं सगळं सामान विक्रीला काढलं होतं. तिथे मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा २० डॉलरला घेतला. डबा पोह्याच्या चिवड्याला बरा म्हणून. आत साठेक कार्डं निघाली, सगळी पोस्टच्या खोक्यांवरून कापलेली. १९६१ ते १९६३ अशी तीन वर्षं पोस्टने खोक्यांच्या मागच्या बाजूला खेळाडू छापले, दर वर्षी २००. पोरांनी खोकं संपायची वाट बघायची आणि आईची कात्री घेऊन बसायचं. डब्यातल्या पोराची कात्री बोथट होती, किंवा पोरगं डावखुरं. सगळ्या कडा एकाच बाजूला कललेल्या.

बेसबॉल म्हणजे अमेरिकेतलं क्रिकेट, एवढंच माझं ज्ञान. पण लहानपणी बिग फन च्युइंगगममधले क्रिकेटवाले जमवून त्यांच्यावरच्या धावांची बेरीज केलेल्या माणसाला हा डबा फेकवत नाही. असो.

तर पहिला आणि सगळ्यात मोठा दोष. फोटो काढायचं बटण यंत्राच्या डोक्यावरच आहे. तुम्ही कार्ड नीट ठेवता, भिंगाचं चाक फिरवून श्वास रोखून चित्र स्पष्ट करता आणि बटण दाबता. दाबलं की मान हलते. मान हलली की चित्र गेलं. हलक्या हाताने दाबून पाहिलं, पेन्सिलीच्या रबराने दाबून पाहिलं, मानेखाली काड्यापेटी ठेवून पाहिली. पहिल्या दोन महिन्यांतले माझे सगळे फोटो धावत्या एसटीतून काढल्यासारखे आहेत. ज्याने कुणी हे बटण तिथे बसवलं, त्याने स्वतः एकही फोटो काढलेला नाही हे मी लिहून द्यायला तयार आहे.

यावर एकच उपाय: यंत्र लॅपटॉपला जोडायचं आणि फोटो लॅपटॉपवरून काढायचा. म्हणजे वायर लावा, काढा, लावा, काढा. कुठे? त्याच चार्जिंगच्या भोकात. सहा महिने रोज चार-पाच वेळा. तेव्हा ते भोक माझ्या आडदांडपणामुळे गेलेलं नाही, बटणाच्या जागेमुळे गेलंय. कंपनीला हे दुसऱ्या मेलमध्ये सविस्तर लिहिलं होतं. उत्तरात पुन्हा ‘प्रिय मित्रा’.

दोन महिन्यांच्या शेवटी मी एक तारा द्यायला बसलो होतो. मग एक क्रॅकर जॅकचं कार्ड आलं आणि माझं मत फिरलं.

क्रॅकर जॅक म्हणजे काकवीत घोळवलेल्या मक्याच्या लाह्या आणि शेंगदाणे, आपल्या चिक्कीचा शिकागोचा चुलतभाऊ. १९१४ आणि १९१५ साली या खोक्यांत लाल पार्श्वभूमीची कार्डं निघायची. पहिल्या वर्षी १४४, दुसऱ्या वर्षी १७६. १९१४ची कार्डं फक्त खोक्यातच मिळायची, म्हणून त्यांच्यावर काकवीचे डाग असतात. १९१५ला कूपनं पाठवली की अख्खा संच टपालाने घरी यायचा, त्यामुळे त्या वर्षीची स्वच्छ कार्डं बऱ्यापैकी सापडतात. मला ऑनलाइन एक ‘१९१४चं, डागासह अस्सल’ कार्ड साठ डॉलरला मिळालं. स्वस्त होतं. इतकं स्वस्त का, हे विचारायची अक्कल पैसे दिल्यावर आली.

बायकोने हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाली, “अरे, हा चहा आहे.” डाग सगळीकडे सारखा, कडांना जरा गडद, अख्खं कार्डच बुडवून वाळवल्यासारखं. मी म्हटलं, थांब, यंत्राला विचारू.

यंत्राने जे दाखवलं ते या आठ महिन्यांतलं सगळ्यात सुंदर दृश्य. आधी खेळाडूच्या नावाखाली भिंग नेलं. खऱ्या कार्डावर काळं अक्षर म्हणजे सलग शाई असते, कडेला थोडी फुटलेली, पण सलग. इथे प्रत्येक अक्षर ठिपक्यांचं होतं. कारण उघड आहे. नक्कल करणारा अख्ख्या कार्डाचा फोटो काढतो आणि तो फोटो छापतो. फोटो छापायचा म्हणजे ठिपके आले, आणि मग अक्षरंही त्यातून सुटत नाहीत. छापखान्यातली नक्कल असेल तर ठिपके रांगोळीच्या कागदासारखे शिस्तीत असतात. घरच्या प्रिंटरवरची असेल तर रांगोळीचा डबा सांडल्यासारखे. माझे शिस्तीतले होते.

मग कार्ड उलटं केलं. खाली एका कोपऱ्यात नखाएवढी जागा जरा मळकट वाटत होती. पन्नासपटीला तिथे कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसले, पिंजलेल्या कापसासारखे. आजूबाजूचा कागद गुळगुळीत आणि एवढ्याच जागेवर कापूस. तिथे काहीतरी छापलेलं होतं आणि कुणीतरी ब्लेडने खरवडलं होतं. काय छापलेलं असणार? ‘पुनर्मुद्रण’ अशा अर्थाचाच शब्द, दुसरं काय. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “चहा मी आधीच सांगितला होता.”

सोबत जांभळ्या प्रकाशाची टॉर्च फुकट मिळते, तिचाही इथे उपयोग झाला. १९१४च्या कागदात पांढरेपणा आणणारी रसायनं नव्हती, ती नंतर आली. त्यामुळे त्या काळचं कार्ड अंधारात टॉर्चखाली मंद, मेलेलं दिसायला हवं. माझं धुतलेल्या सदऱ्यासारखं निळंपांढरं चमकलं. पण ही टॉर्चही अर्धी फसवणूकच. वर ३६५ (नॅनोमीटर, म्हणजे उजेडाची तरंगलांबी) लिहिलंय आणि उजेड ३९५चा वाटतो, सगळ्यावरच जांभळी झाक येते. नवा कागद शेजारी ठेवून तुलना केली तरच काही कळतं. आणि साठच्या दशकातल्या कार्डांना तिचा काही उपयोग नाही. तोवर ती रसायनं कागदात आलेलीच होती, चमकलं म्हणून खोटं ठरत नाही. मी पहिल्या आठवड्यात पोस्टची अकरा कार्डं ‘चमकतात’ म्हणून बाद केली होती. ती सगळी परत आत घ्यावी लागली.

आता शरमेची गोष्ट. ते क्रॅकर जॅक १९१४चं नाही हे कळायला यंत्र लागतच नव्हतं. त्याच्या मागे १७६ चित्रांचा संच असं छापलं होतं आणि मागचा मजकूर पुढच्याच्या मानाने उलटा होता. हे दोन्ही १९१५चं लक्षण. १९१४चा मजकूर सुलटा असतो आणि आकडा १४४. म्हणजे विकणाऱ्याला वर्षही धड माहीत नव्हतं, आणि मला मागची बाजू वाचायची बुद्धी झाली नाही. साठ डॉलर मात्र परत मिळाले, कारण कापसाचा तो फोटो मी पाठवला. लॅपटॉपवरून काढलेला, न हललेला. म्हणजे यंत्राची किंमत वसूल झाली आणि वर २१ डॉलर. तेव्हा चार तारे द्यायचे ठरवले होते.

पाचव्या महिन्यात पुन्हा उतरलो.

डब्यात १९६३ची २३ कार्डं होती. त्या वर्षी पोस्टची आई जनरल फूड्स, तीच जेल-ओचीही आई. जेल-ओ म्हणजे ती थरथरणारी जेली. दोघांच्या खोक्यांवर तेच खेळाडू, तेच फोटो. जेल-ओचं कार्ड रुंदीला एक अष्टमांश इंच लहान, पण कात्री पोराच्या हातात असताना अष्टमांश इंचाला काय अर्थ? खरी खूण लाल रेघेत आहे. खाली आकड्यांच्या दोन ओळींमध्ये, १९६२ची कामगिरी आणि एकूण कारकीर्द यांच्यामध्ये, एक लाल रेघ असते. पोस्टच्या कार्डावर ती जवळजवळ दोन्ही कडांपर्यंत जाते. जेल-ओच्या कार्डावर ती आकड्यांच्या जवळच संपते आणि दोन्ही टोकांना पांढरी जागा उरते.

मी तीन संध्याकाळी ही रेघ मायक्रोस्कोपखाली पाहिली. काय दिसणार? पडद्यावर एक लाल हमरस्ता. आदि नाही, अंत नाही. टोक शोधायला कार्ड सरकवलं की चित्र गेलं, चाक फिरवलं की मान हलली. चौथ्या दिवशी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर सगळी कार्डं ओळीने मांडली. दहा मिनिटांत चार जेल-ओ बाजूला निघाली, नुसत्या डोळ्यांनी.

सांगलीहून दादाने सराफकट्ट्यावरचं दहापटीचं भिंग पाठवलं आहे. अक्षरांचे ठिपके त्यातही दिसतात. त्याला वायर नाही, बटण नाही, ‘प्रिय मित्रा’ नाही.

तरी यंत्रावर अन्याय नको म्हणून एक कबुली देतो. डब्यात १९६२चं रॉजर मॅरिसचं कार्ड होतं. पातळ, पुठ्ठ्याचं वाटेना. अक्षरं यंत्राखाली सलग, रेघा सलग, सगळं ठीक. पण मी जाडीवर अडून बसलो आणि ते नकलींच्या पाकिटात टाकलं. दोन महिने ते चहाच्या कार्डाशेजारी पडून होतं. एकदा सहज उलटलं तर मागे जाहिरातीचा मजकूर. खोक्यावरच्या कार्डांना मागे नुसता पुठ्ठा असतो, छपाई नसते. १३ एप्रिल १९६२च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात पोस्टने जाहिरात म्हणून मिकी मँटल आणि मॅरिस यांची कार्डं घातली होती, जरा पातळ कागदावर. हे त्यातलंच. यंत्र पहिल्या दिवशी बरोबर सांगत होतं, ऐकायला मी तयार नव्हतो.

केलॉग्जची कार्डं पाहणार असाल तर हे यंत्र घेऊच नका. १९७०पासूनची ती त्रिमितीय कार्डं, वरून रेघारेघांचं प्लास्टिक. त्यावर याच्या दिव्यांचा असा लखलखाट होतो की खेळाडू दिसतच नाही. त्या कार्डांचा खरा रोग म्हणजे प्लास्टिकला पडणाऱ्या चिरा आणि बाक. तो खिडकीपाशी कार्ड तिरपं धरलं की आपोआप दिसतो. १९७३चं कार्ड सपाट असलं तर घाबरू नका, त्या वर्षी प्लास्टिक नव्हतंच. १९७१ची कार्डं टपालाने मागवता येत नव्हती, फक्त धान्याच्या खोक्यातूनच मिळायची. ती दिसली तर चिरा असल्या तरी मला कळवा.

सध्या अडीच तारे. अर्धा तारा त्या कापसाचा.

काल मेव्हण्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, सोल्डर करून देतो, पण भोक बाजूला घ्यावं लागेल. मी विचारलं, त्याच खर्चात बटणही बाजूला घेता येईल का? तो यंत्र उघडून बघणार आहे. तोवर कंपनीला पाचवा मेल गेलाय, यावेळी सुरुवात मीच ‘प्रिय मित्रा’ने केली.