ऑक्टेव्हिया बटलर यांच्या अकरा कादंबऱ्या : नऊ महिन्यांच्या वाचनानंतर

अमेरिकन विज्ञानकथालेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांच्या बारा कादंबऱ्या १९७६ ते २००५ या काळात प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी अकरा मी नऊ महिन्यांत वाचून पूर्ण केल्या. उरलेली, 'पॅटर्न' मालिकेतील १९७८ सालची 'सर्व्हायव्हर', खुद्द बटलर यांनाच नकोशी झाली होती आणि तिचे पुनर्मुद्रण त्यांनी होऊ दिले नाही. जुनी प्रत घेणे मला परवडणारे नव्हते.

त्या मालिकेतील उरलेल्या चार कादंबऱ्या 'सीड टू हार्वेस्ट' या एकाच खंडात मिळतात, पण तिथे त्या कथेतील काळानुसार लावल्या आहेत. मी तोच खंड घेतला, तरी वाचताना प्रकाशनाचा क्रम पाळला, आणि हाच क्रम मी इतरांनाही सुचवेन. सर्वांत आधी लिहिलेल्या 'पॅटर्नमास्टर'मध्ये मनाच्या शक्तीने इतरांवर हुकमत गाजवणारी माणसे आहेत आणि ती शक्ती नसलेले लोक त्यांची चाकरी करतात. कथा सांगितली जाते ती सत्ताधाऱ्यांच्या बाजूने. चार वर्षांनी आलेल्या 'वाइल्ड सीड'मध्ये, १६९० सालच्या आफ्रिकेपासून, त्याच व्यवस्थेचे मूळ उलगडते. पण तिथे आपले मन गुंतते ते शरीरे बदलत हजारो वर्षे जगणाऱ्या डोरोत नव्हे, तर त्याच्या ताब्यात सापडलेल्या अन्यान्वूत. या दोहोंच्या मध्ये, १९७९ साली, 'किंड्रेड' आली होती. तिच्यातील कृष्णवर्णीय डेना १९७६ सालच्या कॅलिफोर्नियातून गुलामगिरीच्या काळातील मेरीलँडमध्ये पुनःपुन्हा ओढली जाते आणि ज्या गोऱ्या मळेवाल्याच्या मुलाचा जीव तिला दरवेळी वाचवावा लागतो, तो तिचाच पूर्वज असतो. कालप्रवास कसा घडतो हे लेखिका सांगत नाही, आणि मलाही ते विचारावेसे वाटले नाही. ही कादंबरी संपल्यावर दहा दिवस मी दुसरे पुस्तक उघडू शकले नाही.

'डॉन'मध्ये (१९८७) अणुयुद्धातून वाचलेल्या माणसांना परग्रहवासी ओआंकाली जीवदान देतात आणि मोबदल्यात त्यांच्या संततीत स्वतःची जनुके मिसळू पाहतात. उपकार आणि बळजबरी यांतील सीमारेषा इतक्या शांतपणे तपासणारे लेखन मी दुसरे वाचलेले नाही. 'डॉन'पासून सुरू होणाऱ्या त्रयीचा तिसरा भाग, 'इमागो', मला घाईत आटोपल्यासारखा वाटला. 'फ्लेजलिंग'शी मात्र माझे जुळले नाही : त्रेपन्न वर्षांच्या रक्तपिपासू नायिकेचे शरीर लहान मुलीचे आहे आणि तिचे शरीरसंबंध वाचताना मला सतत अस्वस्थ वाटत राहिले.

१९९३ सालची 'पॅरेबल ऑफ द सोअर' जुलै २०२४ मध्ये सुरू होते. पाणी पेट्रोलहून महाग झाले आहे आणि इतरांच्या वेदना स्वतःच्या शरीरात जाणवणारी किशोरवयीन लॉरेन तटबंदीच्या वस्तीत नव्या श्रद्धेची सूत्रे लिहिते आहे. १९९८ साली आलेल्या पुढच्या भागात तिच्याच मुलीचा दुखावलेला आवाज शेजारी येतो, म्हणून लॉरेनचा निर्धार नुसताच गौरवला जात नाही. तिसऱ्या भागाचे आरंभ बटलर यांनी अनेकदा लिहिले, पण तो पूर्ण होण्याआधीच, २००६ साली, त्यांचे निधन झाले. लॉरेनची माणसे ताऱ्यांकडे निघतात, तिथेच वाचकाला थांबावे लागते.