आल्या-हळदीची कंदकूज: ट्रायको, सुडो, बॅसिलस की औषधाची आळवणी?

मे महिन्यात मेव्हण्याचा फोन आला. त्याची वाळवा तालुक्यात हळद, माझं कोरेगाव तालुक्यात आलं. "दाजी, दुकानात उभा आहे. ट्रायको घेऊ का सुडो? दुकानदार म्हणतोय दोन्ही न्या, वर बॅसिलसची बाटली फुकट." म्हटलं, आधी घरी जा, संध्याकाळी बोलू. उन्हाळ्याच्या शेवटाला फुकट वाटला जाणारा जिवाणू जिवंत असेलच अशी खात्री मला तरी नाही.

ट्रायको, सुडो आणि बॅसिलस म्हणजे कंदकुजीविरुद्ध मातीत सोडायचे उपयोगी जीव: पहिली बुरशी, बाकीचे दोन जिवाणू. त्या संध्याकाळी तासभर जे बोललो ते इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न मला दरवर्षी चार-पाच जण विचारतात. आणि सगळे "कोणतं चांगलं" एवढंच विचारतात. कधी टाकायचं आणि कशाच्या मागं-पुढं टाकायचं, हे कोणी विचारत नाही. पैसे वाया जातात ते तिथं.

आधी ग्लासभर पाणी घ्या

पिवळं पडलेलं प्रत्येक झाड बुरशीनं गेलेलं नसतं. पिथियम या मातीतल्या रोगकारकाची कंदकूज असेल तर खालच्या पानांचे शेंडे आणि कडा आधी पिवळ्या होतात, बुंध्याशी खोड पाणी भरल्यासारखं मऊ पडतं, आणि ओढलं की अलगद हातात येतं. दुसरा रोग जिवाणूजन्य मर. त्यात पानं गुंडाळतात आणि बघता बघता अख्खं झाड मान टाकतं.

शंका असेल तर बुंध्याचा दोन बोटांएवढा तुकडा धारदार चाकूनं कापा आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात दोऱ्यानं अर्धवट बुडेल असा टांगा. ग्लास हलवू नका. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरताना दिसला तर ती राल्स्टोनिया जिवाणूची मर समजा. त्यावर कोणतंही बुरशीनाशक ओतलं तरी उपयोग नाही. ती झाडं मातीसकट काढायची आणि त्या बेडचं पाणी पुढच्या बेडवर जाऊ द्यायचं नाही. पाणी निवळ राहिलं तर पुढचं वाचा.

अजून एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर आहे. पिथियमला आपण बुरशी म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबात ती खरी बुरशी नाही. तिच्या पेशीच्या भिंतीत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतं. द्राक्षावरचा डाऊनी रोग याच कुळातला. त्यामुळे खऱ्या बुरशीला मारणारं कार्बेन्डाझिम पिथियमला लागूच पडत नाही. आणि आपल्याकडे सड दिसली की पहिली आळवणी, म्हणजे मुळाशी द्रावण ओतणं, कशाची होते? कार्बेन्डाझिमची.

ट्रायकोडर्मा

ही स्वतःच बुरशी आहे, पण दुसऱ्या बुरशीवर जगणारी. तिचे धागे रोगाच्या धाग्याला वेटोळं घालतात, विकरं सोडून त्याची भिंत विरघळवतात आणि आतलं खातात. १९३२ साली रिचर्ड वाइनडलिंग यांनी हे रायझोक्टोनिया या बुरशीवर दाखवलं, आणि तेव्हापासून जैविक नियंत्रणात हे नाव पहिलं येतं. आपल्या बाजारात व्हिरिडी आणि हार्झियानम या दोन जाती मिळतात. दोन्हींपैकी कोणती यावर मी डोकं खपवत नाही. ताजी मिळेल ती.

हिची खरी ताकद जागा अडवण्यात आहे. शेणखतात मुरवून लागणीआधी बेडमध्ये गेली की मुळं फुटायच्या आत तिचं बस्तान बसलेलं असतं. रोग मागून आला तर त्याला खायला-राहायला जागा कमी. उलट रोग आधी घुसला आणि गड्डा मऊ पडायला लागला, मग वरून ट्रायको ओतलं, तर ते झाड वाचत नाही. लोक इथंच चिडतात आणि "जैविक म्हणजे थोतांड" म्हणून मोकळे होतात.

तिला तीन गोष्टी लागतात: सेंद्रिय पदार्थ, ओल आणि हवा. साचलेल्या पाण्यात पिथियमचे बीजाणू शेपटीनं पोहत मुळापर्यंत जातात, आणि त्याच पाण्यात ट्रायको गुदमरतं. म्हणून सपाट रानात, काळ्या चिकट मातीत पाण्याचा निचरा न करता ट्रायको टाकणाऱ्याला मी सांगतो की ते पैसे जेसीबीला द्या आणि आधी चर काढा. शिवाय ट्रायकोला किंचित आम्ल ते उदासीन माती मानवते. कृष्णाकाठच्या चुनखडीच्या, सामू आठकडे झुकलेल्या रानात तिच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

मी एकरी दोन-अडीच किलो पावडर अडीचशे-तीनशे किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळतो, थोडी निंबोळी पेंड घालतो, सावलीत ढीग करून ओल्या गोणपाटानं झाकतो. मूठ आवळली की गोळा व्हावा पण पाणी निथळू नये एवढीच ओल. चार-पाच दिवसांनी एकदा वरखाली करायचं. पंधरवड्यात ढिगावर पांढरी आणि मग हिरवट साय दिसते. गुळाच्या पाण्यात दोनशे लिटरच्या ड्रममध्ये वाढवण्याची पद्धत गावोगाव आहे. मीही दोन वर्षं केली. ड्रममध्ये हवा कमी पडते आणि त्यात नेमकं काय वाढलंय ते डोळ्यांना कळत नाही. एकदा झाकण काढल्यावर असा वास आला की वस्तीवरची कुत्रीसुद्धा लांब गेली. तेव्हापासून ढीगच.

सुडोमोनास

सुडो म्हणजे सुडोमोनास फ्लुरोसन्स, हा जिवाणू. हा मुळाच्या पृष्ठभागावर राहतो आणि दोन-तीन वाटांनी काम करतो. एक, मातीतलं लोह पकडणारे पदार्थ सोडतो, त्यामुळे रोगाच्या बुरशीला लोह मिळेनासं होतं. दोन, स्वतःची प्रतिजैविकं तयार करतो. तीन, झाडाची आतली प्रतिकारशक्ती जागी करतो. मुळाला लावलं तरी परिणाम पानापर्यंत पोहोचतो. चुनखडीच्या रानात लोह मुळातच कमी मिळतं, तिथं लोहावरची ही ओढाताण रोगाला जास्त महागात पडते. म्हणून सामू जास्त असलेल्या रानाला मी ट्रायकोच्या जोडीला सुडो हमखास सांगतो.

खोट एकच, पण मोठी: हा बीजाणू तयार करत नाही. पावडरमध्ये सुकवला की दिवसागणिक मरत जातो आणि पत्र्याच्या दुकानात एप्रिलच्या उन्हात तर फारच लवकर. पाकिटावर मुदत काहीही छापलेली असो, तीन-चार महिन्यांपेक्षा जुना सुडो मी घेत नाही.

फायदा असा की हा जिवाणू असल्यामुळे कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाचा त्याला ट्रायकोइतका धोका नाही. त्याला मारतं ते तांबं. कॉपर ऑक्सिक्लोराईडची आळवणी केली की सुडो संपला असं धरून चाला.

बॅसिलस सबटिलिस

हा टिकाऊ गडी. टणक बीजाणू करून बसतो, ऊन, कोरडेपणा, दुकानातली गरमी सोसतो आणि बऱ्याच रसायनांच्या संगतीतही तग धरतो. इटुरिन, सरफॅक्टिन असे पदार्थ सोडून रोगाच्या पेशीचं आवरण फोडतो. द्राक्षवाले तासगाव-मिरजेकडे याला जास्त ओळखतात, कारण काढणी जवळ आली आणि औषधाचा अंश नको असला की भुरी रोगासाठी याच्या फवारण्या होतात. आल्या-हळदीत मला तो दुय्यम वाटतो. पण ज्याला वारंवार रासायनिक आळवण्या कराव्याच लागतात, त्याच्यासाठी तिघांतला हाच व्यवहार्य.

औषधाची आळवणी

सड सुरू झालेल्या प्लॉटला वाचवायचं असेल तर जैविकाच्या नादी लागू नका, हे जैविकवाला म्हणूनच सांगतो. मेटॅलॅक्झिल पिथियमच्या कुळावर नेमकं काम करतं आणि मुळातून आत शिरतं. फोसेटिल ॲल्युमिनियम हाही पर्याय आहे. लेबलावरच्या मात्रेनं, सडलेली झाडं आधी उपटून, त्या जागेसह भोवतालच्या हातभर घेरात आळवणी करायची. अख्ख्या एकरावर सरसकट नको. एक तर खर्च, दुसरं म्हणजे मेटॅलॅक्झिलला दाद न देणारे रोगकारक फार लवकर तयार होतात. बटाट्याच्या करप्यात युरोपात १९८० सालीच ते दिसलं होतं, औषध बाजारात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती.

आता गंमत बघा. नुसतं मेटॅलॅक्झिल खऱ्या बुरशीला फारसं काही करत नाही, म्हणजे ट्रायकोलाही नाही. पण आपल्याला बहुतेक वेळा मिळतं ते मॅन्कोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकाबरोबरचं मिश्रण, आणि मॅन्कोझेब ट्रायकोला थोडंफार दाबतंच. त्यामुळे मिश्र औषधाच्या आळवणीनंतर पंधरा दिवस थांबून मग ट्रायको द्यायचं. कार्बेन्डाझिम मात्र ट्रायकोचा कर्दनकाळ आहे.

माझीच फजिती सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी बेणं सकाळी कार्बेन्डाझिमच्या द्रावणात बुडवलं, सावलीत सुकवलं आणि दुपारी मोठ्या हौसेनं त्यालाच ट्रायको चोळलं. एका विक्रेत्यानं तसंच सांगितलं होतं, आणि मलाही दोन्ही केल्याचं समाधान. ऑगस्टमध्ये खालच्या अंगाचे सहा बेड बसले. म्हणजे पिथियमला न लागणारं औषध देऊन मी पिथियमचा शत्रू तेवढा मारून ठेवला होता. कार्बेन्डाझिम वाईट औषध आहे असं नाही. फ्युजॅरियमसारख्या खऱ्या बुरशीला ते चालतं. पण बेण्याला एक तर ते, नाहीतर ट्रायको.

मग कोणी काय घ्यावं

मेव्हण्याचं रान उताराचं, निचऱ्याचं, शेणखत घरचं, आणि गेल्या साली सड तुरळक. त्याला सांगितलं: ट्रायको ढिगात मुरवून लागणीआधी बेडमध्ये, बेण्याला ट्रायको, आणि पावसाळा धरताना एकदा सुडोची आळवणी. रासायनिक औषध आणून ठेव, पण उघडू नकोस. हळदीच्या पानावरचा करपा आला तर त्याचं बुरशीनाशक वेगळं. मातीतल्या ट्रायकोवर त्याचा भार टाकू नये. ती फवारणी मातीवर ओघळणार नाही एवढं बघ. वाणाचं आणि मात्रांचं काही अडलं तर कसबे डिग्रजचं हळद संशोधन केंद्र त्याला माझ्यापेक्षा जवळ आहे.

माझ्या गावातल्या एकाचं उलट आहे. त्याच रानात तिसऱ्या वर्षी आलं, खालच्या बाजूला पाणी तुंबतं, शेणखत विकतचं आणि अर्धकच्चं. त्यानं तिन्ही पुड्या आणल्या तरी फरक पडेल असं मला वाटत नाही. त्याला फेरपालट सांगितली, ती त्याला पटली नाही. आल्याचा दर चढला की कोणालाच पटत नाही.

आल्यात एक वेळ मात्र कोणी चुकवू नये: उटाळणी. अडीच-तीन महिन्यांनी आपण माती हलवतो तेव्हा जुनी मुळं तुटतात, आणि तुटलेलं मूळ म्हणजे पिथियमला उघडं दार. जमीन वाफशावर असताना उटाळणी करा आणि त्याच आठवड्यात ट्रायको किंवा सुडो ड्रिपमधून सोडा, संध्याकाळी, ओल असताना. ट्रायकोच्या पावडरीनं ड्रिपर बुजतात, म्हणून फडक्यानं गाळून घ्या किंवा सरळ द्रवरूप घ्या. त्याआधी टाकीत आणि व्हेंच्युरीत (ड्रिपमध्ये औषध ओढून घेणाऱ्या नळीत) कोणतं औषध फिरलंय ते आठवा. मी जैविकासाठी वेगळी टाकी ठेवलीय, तिच्यावर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात "औषध नाही" लिहिलंय.

खरेदी करताना नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि जिवंत संख्या बघा. ट्रायको एका ग्रॅमला किमान २० लाख, सुडो १० कोटी. हे छापलेले आकडे. आत खरंच काय आहे त्यासाठी ट्रायकोपुरती घरगुती युक्ती आहे. मोकळा शिजवलेला भात थंड करून उकळत्या पाण्यानं धुतलेल्या वाटीत घ्यायचा, पावडर चिमूटभर भुरभुरायची, सैल झाकून सावलीत ठेवायचं. दोन दिवसांत पांढरं, चार-पाच दिवसांत गर्द हिरवं दिसलं तर माल जिवंत आहे. किती जिवंत ते यातून कळत नाही. आणि वाटी वापरायची ती घरात विचारून. मी न विचारता घेतली होती.

मेव्हण्यानं दोन दुकानांतून एकेक पुडी आणली आणि दोन वाट्या लावल्या. पाचव्या दिवशी फोटो आला. एक वाटी हिरवीगार, दुसरीत नुसती काळी केसाळ बुरशी. खाली लिहिलं होतं: "दाजी, काळ्या वाटीचं बिल दुकानदार परत घेईल का?"