देवघरातलं १८१८ चं ‘हनुमान नाणं’ आणि मामांचे गेलेले पैसे

घरात हनुमानाचं चित्र आणि १८१८ साल असलेलं जुनं चंदेरी नाणं आहे आणि कोणी अनोळखी माणूस ते लाखांना मागतोय, असं असेल तर एक रुपयाही पाठवण्याआधी हे वाचा. माझ्या मामांचे या एका नाण्यापायी सुमारे एक लाख चाळीस हजार रुपये गेले. मामा एसटीतून निवृत्त झालेले, हिशेबाला चोख माणूस. “माझं नाव नको, पण बाकी सगळं लिही,” असं त्यांनीच सांगितलं, म्हणून लिहितेय.

नाणं आजीच्या वेळेपासून देवघरात आहे. कुलदैवताच्या टाकांशेजारी ते असायचं, दसऱ्या-दिवाळीला टाकांबरोबर चिंचेनं घासलं जायचं. एका बाजूला द्रोणागिरी उचललेला मारुती. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘टू अ‍ॅना’, ‘यूकेएल’ आणि १८१८. कुठून आलं, कशासाठी होतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारच्या मुलानं त्याचा फोटो काढून जुन्या नाण्यांच्या एका ग्रुपवर मामांच्या नंबरासकट टाकला आणि त्याच संध्याकाळी फोन सुरू झाले.

“काका, तुमच्याकडे काय आहे हे तुम्हाला माहीत नाही,” असं पहिलंच वाक्य. बोलणारा शुद्ध मराठीत, अदबीनं बोलत होता. कंपनी सरकारचं दुर्मिळ नाणं, अठ्ठावीस लाखांना घ्यायला पार्टी तयार आहे, फक्त विक्रीची नोंदणी करावी लागेल. नोंदणीचे साडेअकराशे रुपये. एवढ्यावर कोण शंका घेणार? ते भरल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, त्यात मामांचं पूर्ण नाव आणि नाण्याचा फोटो. मग ‘ना हरकत दाखल्या’चे पैसे, मग अठ्ठावीस लाखांवरच्या जीएसटीचा पहिला हप्ता. प्रत्येक वेळी सांगायचे की ही रक्कम परत मिळणार, विक्रीच्या पैशांतच जोडून येणार.

मामांनी हात आखडता घेतल्यावर गोष्ट बदलली. आता म्हणे नाण्यात ‘इरिडियम’ आहे, ते तांदूळ ओढतं, म्हणजे ‘राइस पुलर’ आहे, आणि तसं निघालं तर किंमत कोटीत जाईल. तांदळाचे दाणे सरकत जाऊन नाण्याला चिकटतात असा व्हिडिओ पाठवला. तपासणीला शास्त्रज्ञ येणार, त्याच्या खास पोशाखाचं भाडं आधी भरा. ते भरून झाल्यावर दमदाटी सुरू झाली: शंभर वर्षांपूर्वीची वस्तू बेकायदा घरात ठेवलीय, दंड भरला नाही तर घरी धाड पडेल. या धमकीनं मामा खरे घाबरले. त्यांनी मुदत ठेव मोडली, मामीला सांगितलं नाही. पासबुक भरून आणल्यावर मामीच्या लक्षात आलं आणि तिनं मला फोन केला.

माणूस लोभी होता म्हणून फसला, असं नातेवाईक म्हणतात तेव्हा मला राग येतो. मामा आधी आशेला फसले हे खरं, पण मोठी रक्कम गेली ती भीतीपोटी, आणि ती भीती सरकारी नाव, सरकारी चिन्ह वापरून घातलेली होती.

यातलं एकेक विधान खोटं कसं, ते सांगते. १८१८ म्हणजे पेशवाई बुडाली ते साल. त्या काळात आपल्याकडे अंकुशी आणि चांदवडी रुपये चालत, त्यांवर फारसी अक्षरं असत. हातोहाती फिरायची ती तांब्याची शिवराई. कंपनीच्या मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी १८३५ च्या कायद्यानं आली. कंपनीचं दोन आण्यांचं खरं नाणं १८४१ चं आहे. ते चांदीचं, राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा असलेलं आणि दीड ग्रॅमसुद्धा वजन नसलेलं इवलंसं नाणं. एक आण्याचं नाणं सगळ्या हिंदुस्थानात चालू झालं ते १९०७ मध्ये, निकेल मिसळलेल्या धातूचं, लहरी कडांचं. ‘यूकेएल’चा अर्थ विकणारे ‘युनायटेड किंगडम लंडन’ असा सांगतात, पण ही अक्षरं कंपनीच्या कुठल्याच नाण्यावर नाहीत. मद्रासकडच्या सोन्याच्या होनांवर विष्णूची मूर्ती असायची, तेव्हा कंपनीनं देव कधी छापलाच नाही असं मी म्हणणार नाही; पण असा मारुती, असं साल आणि असं मूल्य एकत्र असलेलं चलन तिनं काढलेलं नाही.

आमच्या गावच्या सोनारांनी भिंग लावून आधी कड पाहिली. कडेवरून साच्याची शिवण फिरत होती आणि अक्षरांच्या खाचांत बारीक भोकं होती. टांकसाळीचं नाणं ठशांमध्ये दाबून पाडतात, हे ओतीव होतं. मारुतीच्या खांद्यावर आणि गदेवर पिवळा धातू उघडा पडला होता, कारण मुलामा आधी उंचवट्यांवरूनच झिजतो. मग त्यांनी ते आधी हवेत तोललं आणि नंतर दोऱ्यानं पाण्यात बुडवून. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकानं भागलं की घनता कळते. चांदीची साडेदहाच्या आसपास यायला हवी, आमची साडेआठच्या जवळ आली. म्हणजे पितळ, वर चांदीचा मुलामा. हा प्रयोग साध्या डिजिटल काट्यावर घरीही होतो आणि नाण्याला ओरखडाही येत नाही. इरिडियमचं म्हणाल तर तो खरा धातू आहे, पण तांब्याच्या अडीचपट जड आणि चुंबकत्व नसलेला. त्याला काय किंवा दुसऱ्या कुठल्या धातूला काय, तांदूळ चिकटत नाही. दाण्यांना लोखंडाची बारीक पूड लावून वस्तूत चुंबक लपवला की तसा व्हिडिओ कुणालाही करता येतो.

मग ही वस्तू आहे तरी काय? ही पूजेची मुद्रा आहे. उत्तरेत ‘रामटंका’ म्हणतात त्या परंपरेतली. एका बाजूला रामपंचायतन किंवा मारुती, दुसऱ्या बाजूला वनवासाला निघालेले धनुर्धारी राम-लक्ष्मण, अशा मुद्रा एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात चांदीत, पितळेत आणि मुलामा देऊन खूप निघाल्या. भाविक त्या देवघरात ठेवत. बऱ्याच मुद्रांवर १७४० असा आकडा दिसतो, तो त्या घडवल्याचं साल नव्हे. राजाच्या खऱ्या नाण्यावर राम आल्याचं एक उदाहरण म्हणजे अकबराच्या कारकिर्दीच्या शेवटी निघालेलं, ‘राम सीय’ अशी अक्षरं असलेलं नाणं. ते फार दुर्मिळ आणि संग्रहालयातलं. कंपनीचं नाव असलेल्या या ‘हनुमान आण्यां’ची ओतीव पैदास मात्र पुढे बाजारासाठी झाली आणि आज ती किरकोळ किमतीला कुठेही मिळतात. आजीनं ते कुठल्याशा यात्रेत श्रद्धेनं घेतलं असेल. तिच्या श्रद्धेत खोट नव्हती, आणि त्याच श्रद्धेच्या वस्तूवर या लोकांनी दुकान मांडलंय याची मला जास्त चीड आहे.

कायद्याची धमकीही पोकळ होती. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत, पण वडिलोपार्जित जुनं नाणं घरात ठेवणं हा गुन्हा नाही. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं. देवघरातल्या मुद्रेशी त्याचा संबंध नाही. आणि रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या वतीनं ते घ्यायला तिनं कुणाला नेमलेलंही नाही. खरा संग्राहक नाणं हातात घेतो, पारखतो आणि पैसे मोजतो. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा ग्राहक जगात नसतो.

नाण्याबद्दल खरंच कुतूहल असेल तर मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. सगळ्यात आधी ओळखीच्या सोनाराकडे जा.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार दिली. तोवर बहुतेक पैसे खात्यांतून पुढे गेले होते. शेवटी पाठवलेले अठरा हजार तेवढे समोरच्या बँकेनं गोठवलेत, बाकीच्यांचा तपास चालू आहे. उशीर झाला नसता तर जास्त वाचले असते, असं तिथल्या हवालदारांनी सांगितलं. तेव्हा लाज वाटली तरी त्याच दिवशी फोन करा. चॅट पुसू नका, आलेली पत्रं आणि प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. मामांना आलेल्या पत्राखाली ‘चीफ गव्हर्नर’ अशी सही होती. रिझर्व्ह बँकेत असा हुद्दाच नाही. तसलं पत्र तुमच्याही घरी आलं असेल तर ते तक्रारीला जोडा.