अँबिलोबे घ्यावा की नोसी बे? पँथर शॅमेलिऑनचं गाव पारखताना

पँथर शॅमेलिऑनचा भाव त्याच्या गावावरून ठरतो. मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनारपट्टीत सापडणाऱ्या या सरड्याच्या नराचा रंग भागागणिक बदलतो. मूळ जोडी जिथली, त्या जागेचं नाव पुढच्या पिढ्यांना चिकटतं. धंद्यात त्याला ‘लोकेल’ म्हणतात. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. लोकेलला असा कुठलाच शिक्का नाही. विकणारा सांगेल ते गाव.

नोसी बे हे वायव्येकडचं बेट. तिथला नर जवळजवळ एकरंगी, हिरवट निळ्यापासून गडद फिरोजीपर्यंत, ओठाशी बऱ्याचदा पिवळट रेघ. फारसं डावं-उजवं होत नाही, म्हणून तीन महिन्यांचं पिल्लू घेतलं तरी अंदाज सहसा चुकत नाही.

अँबिलोबेचं उलट. उत्तरेच्या या गावाभोवती निळ्या पट्ट्यांचेही नर आहेत आणि लाल पट्ट्यांचेही. अंग हिरवं, पिवळं, नारिंगी, काहीही. ‘यलो बॉडी ब्लू बार’ ही नावं ब्रीडरांनी पाडलेली, शास्त्राची नव्हेत. बाप लाल पट्ट्यांचा आणि पोरगं निळ्या पट्ट्यांचं, असंही निघतं. पूर्ण रंग भरायला वर्षभर लागू शकतं, तेव्हा अँबिलोबेच हवा असेल तर जास्त पैसे मोजून रंग भरलेला नर घ्या. पिल्लावर त्या नावाचा वाढीव भाव देणं म्हणजे जुगार.

अंबांजा या दोघांच्या मधला: हिरव्या अंगावर निळे-जांभळे पट्टे. पूर्व किनाऱ्याचा तामाताव शांत असताना करडा-मळकट दिसतो, पण चिडला की लाल-पांढरा. मळकट दिसतो म्हणून त्याला उगाच नाकारू नका.

खरी फसगत मादीत आहे. कुठल्याही लोकेलची मादी फिकट गुलाबी-बदामीच असते, रंगावरून गाव ओळखता येत नाही. आई दुसऱ्या गावची असेल तर पिल्लं संकरित, आणि ते पिल्लाकडं पाहून कळत नाही. म्हणून बापाच्या फोटोआधी आईची वंशावळ मागा: तिचा बाप कोण, मूळ जोडी कुठली, अंडी कधी घातली. भेसळ फक्त रंगाची नसते. 2015 मध्ये 324 पँथरांच्या रक्ताचे नमुने तपासलेल्या अभ्यासात ही एकच जात नसून 11 वेगळ्या जाती असाव्यात असा निष्कर्ष निघाला.

जाहिरातीतला फोटो बहुधा समोर दुसरा नर ठेवून काढलेला असतो. चिडल्यावर कातडीतल्या ग्वानीनच्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर वाढतं. हिरवा पिवळा होतो, निळा पांढरट, लाल उजळतो. फांदीवर निवांत बसलेल्या नराचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मागवा. घरी रोज तोच रंग दिसणार आहे.

निगा सगळ्या लोकेलांची सारखीच. नराला 60×60×120 सेंटीमीटरचा जाळीचा पिंजरा, उन्हाच्या जागी 30–32 अंश, बाकी पिंजरा 22–27. नागपुरात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा डेझर्ट कूलर खोली दमट करतो, पण पुरेशी थंड करत नाही. एसी लागतोच, आणि एसीनं हवा कोरडी पडते म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा. हा खर्च धरून पैसे उरत नसतील तर अँबिलोबेचा विचार सोडा.

पँथर साईट्सच्या (वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार, CITES) दुसऱ्या परिशिष्टात आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीनं अशा प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. अर्ज केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायचा. विकणाऱ्याकडची नोंद आधी पाहा, हस्तांतरणाचे कागद मग, पैसे शेवटी. ‘लोकल, हिरवा, स्वस्त’ म्हणून कुणी दाखवला तर तो आपला घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन असणार. तो संरक्षित आहे, पाळणं गुन्हा.