शिरोली एमआयडीसीतलं फायबरचं वर्कशॉप : आमच्या जुन्या बोटीच्या भेगांचं काम

आम्ही कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचे. 2019 च्या ऑगस्टात पाणी चढलं तेव्हा सासूबाई, दोन पोरं आणि मी दीड दिवस माडीवर होडीची वाट बघत बसलो होतो. पुढच्याच जानेवारीत दिरांनी मालवणकडून जुनी चौदा फुटी फायबरची बोट आणली, फोंडा घाटातनं टेम्पोवर घालून. 2021 च्या जुलैत तिनं आमच्या गल्लीतली म्हातारीकोतारी आणि तान्ही पोरं बाहेर काढली. त्यामुळं तिच्या बुडाला भेगा दिसल्या तेव्हा माझी झोप उडाली. हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण नदीकाठच्या गावांत आता अशा जुन्या बोटी बऱ्याच आहेत आणि भेग दिसली की माणसं आम्ही केली तीच चूक करतात.

चूक अशी. शहरात गाड्या रंगवणाऱ्या एकाकडं आम्ही आधी बोट दिली. त्यानं भेगांवर गाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, वर पांढरा रंग मारला. 3,500 रुपये घेतले. बोट नव्यासारखी दिसत होती. एक पावसाळा गेला आणि त्याच जागी त्याच भेगा, शिवाय रंगाला फोड.

मग यंदा एप्रिलमध्ये शिरोलीला गेलो. या वर्कशॉपला धड पाटी नाही. दारात फायबरच्या टाक्या, ट्रॅक्टरची हूडं आणि मंडळांच्या देखाव्याचे साचे पडलेले असतात. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. "नाव-नंबर कुठं लिहू नका ताई, पोरं दोनच हाईत, काम झेपत न्हाई," असं त्यांनी बजावलंय, म्हणून लिहीत नाही. एमआयडीसीत फायबरवाले अण्णा म्हणून विचारलं की कुणीही दाखवतं.

भेगा बघायच्या आधी अण्णांनी विचारलं, "बोट ठेवता कशावर?"

गोठ्याच्या कडेला, दोन दगडांवर, सुलटी. हे सांगितल्यावर त्यांनी बुडाशी बसून मला दाखवलं. मधोमध दोन ठिकाणी भेगा चांदणीसारख्या फाकल्या होत्या, बरोबर दगड टेकायचे तिथं. आणि सुलट्या बोटीत पावसाचं पाणी साठायचं, तो सगळा भार त्या दोन टोकांवर. मागं, इंजिन अडकवतात त्या फळीजवळच्या भेगा मात्र एकमेकींना समांतर होत्या. तिथं इंजिनाच्या धक्क्यानं फायबर लवत होतं. तिसऱ्या भेगा काठावर, केसासारख्या बारीक, उन्हानं आणि वयानं आलेल्या. त्यांचं काही बिघडत नाही, नुसत्या दिसायला वाईट. एकाच बोटीवर तीन कारणं, आणि तिघींचा इलाज वेगळा. हे आधीच्या माणसानं बघितलंच नव्हतं.

जेलकोट म्हणजे रंग नव्हे, हे मला तिथं कळलं. बोट साच्यात बनवताना सगळ्यात आधी रंगीत रेझिनचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा, जेमतेम अर्धा मिलिमीटरचा थर मारतात, तो जेलकोट. त्याच्या पाठीवर काचेची मॅट आणि रेझिनचे थर चढतात. ताकद त्या थरांची. जेलकोट पाणी आणि ऊन अडवतो, पण तो कडक असतो. आतलं फायबर लवलं की हा तडकतो.

अण्णांनी दहा रुपयांचं नाणं घेऊन सगळं बूड वाजवलं, बाजारात नारळ वाजवून बघतात तसं. चांगल्या जागी टणटण वाजतं. दगडाच्या एका जागी आवाज भद्द आला. तिथं आतले थर सुटले होते. तळहाताएवढा भाग त्यांनी मार्करनं आखला. इंजिनाच्या फळीला बारीक भोक पाडून आतलं प्लायवूड बघितलं. भुसा कोरडा आणि पिवळसर निघाला. काळा, ओला निघाला असता तर खर्च तिप्पट होता.

साबणानं धुऊन आणि अ‍ॅसिटोननं पुसून घेतल्यावर जुनी लांबी खरवडायला सुरुवात झाली, आणि ती ओलसर, तपकिरी निघाली. अण्णा म्हणाले, गाडीच्या लांबीत शंखजिऱ्याची पूड असते, ती पाणी ओढून धरते. पाण्याखालच्या भागाला ती कधीच चालत नाही. मग ग्राइंडरच्या बारीक पात्यानं प्रत्येक भेग त्यांनी व्ही आकारात मोठी केली. आमच्या बोटीचं ते रूप बघून माझ्या पोटात गोळा आला होता. पण केसाएवढ्या फटीत जेलकोट उतरतच नाही, नुसता वर बसतो आणि पुन्हा सुटतो.

खोळंबा इथं झाला. पाच दिवसांत देतो म्हणाले होते, लागले नऊ. चार दिवस बोट नुसती उन्हात. मी फोनवर चिडलेसुद्धा. तेव्हा त्यांनी बोलावून घेतलं. बुडावर रात्री पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला होता. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव धरलेलं. म्हणजे फायबरमध्ये अजून ओल होती. चौथ्या सकाळी प्लास्टिक कोरडं निघालं, तेव्हाच त्यांनी रेझिनचा डबा उघडला. हे काम उन्हाळ्यातच करून घ्या, मृगाच्या तोंडावर नेऊ नका.

भद्द वाजणारी जागा पक्क्या थरापर्यंत घासून तिथं 450 ग्रॅमच्या मॅटचे दोन थर दिले. मग जेलकोट. गुजरीत सराफांकडं असतो तसला छोटा काटा आहे त्यांच्याकडं. 100 ग्रॅम जेलकोटला दीड ग्रॅम हार्डनर, म्हणजे तो घट्ट करणारं औषध, मोजून. एप्रिलच्या उन्हात हे मिश्रण दहा-बारा मिनिटांत आवळतं, म्हणून काम सकाळी सातला आणि थोडं-थोडं कालवून. भेग काठोकाठ न भरता किंचित उंच भरली, कारण वाळताना ते आकसतं. वर पारदर्शक शीट दाबून चिकटवली. जेलकोटला हवा लागत राहिली तर वरचा थर चिकटच राहतो, घासताना कागद भरतो. दुसऱ्या दिवशी शीट काढून लाकडी ठोकळ्यावर वॉटर पेपर गुंडाळून पाण्यानं घासलं, 220 नंबरच्या कागदापासून 1000 पर्यंत, आणि शेवटी बफिंग.

हार्डनर आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या बाटल्या तिथं दोन वेगळ्या कपाटांत, समोरासमोरच्या भिंतींना ठेवलेल्या आहेत. हार्डनरनं रेझिन घट्ट होतं, दुसऱ्यानं ते लवकर आवळतं. ते दोन्ही थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो. घरी स्वतः करायला निघालेल्यांनी हे आधी वाचा. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा घालाच.

इंजिनाच्या फळीला नुसत्या भेगा बुजवून भागणार नव्हतं. आतून मोठी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवली, म्हणजे बोल्टचा ताण एका जागी न येता पसरतो. भोकांत सीलंट भरलं.

आता मनातलं खरं सांगते. रंग सगळीकडं जुळला नाही. आमचा पांढरा रंग उन्हानं साईसारखा पिवळट झाला होता. अण्णांनी पिवळा आणि कणभर काळा मिसळून, पट्टीवर वाळवून, उन्हात धरून बघितला. काठावर ओळखू येत नाही, पण बुडावर ठिगळं दिसतात. मला त्याचं काही वाटत नाही. विकायची बोट असेल त्यांना वाटेल. बिल हातानं लिहिलेलं मिळालं, तेही मागितल्यावर. आणि एक गोष्ट मी अण्णांना तोंडावर सांगितली : घासणारा पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करत होता. काचेची धूळ ती. चांगले मास्क घ्या. पुढच्या खेपेला गेले तेव्हा दोन्ही पोरांच्या तोंडाला मास्क होते, याचा मला फार आनंद झाला.

खर्च 12,400 रुपये, टेम्पोचे येऊन-जाऊन 1,800 वेगळे. पैसे थोडे नाहीत. दोन म्हशींच्या दुधातून बाजूला काढलेले होते.

जूनमध्ये नदीत उतरवली, वाळूची आठ पोती आणि दीर-पुतणे मिळून पाचजण. तासाभरानं तळ हातानं चाचपला, कोरडा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागलं की आमच्याकडं बोटीत दोर, टॉर्च आणि पाण्याचे कॅन भरून ठेवतात. यंदा ते भरताना सासूबाईंनी बुडावरून हात फिरवून बघितला आणि काही बोलल्या नाहीत.

पाऊस संपल्यावर मी स्वतः दहाचं नाणं घेऊन सगळं बूड वाजवलं. टणटण. नवी भेग एकही नाही. बोट आता उपडी असते, चार जुन्या टायरांवर, वर ताडपत्री. अण्णांचे 400 रुपये द्यायचे राहिलेत. दिवाळी झाली की इकडच्या बाजूला येणार आहेत, तेव्हा फळीचे बोल्ट परत आवळून घेऊन जातील.