छातीचा पट्टा, सात महिने आणि सेमिनरी हिल्सचा चढ

ऑक्टोबरच्या शेवटी, हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा घेतल्याच्या तिसऱ्याच दिवशी, नागपुरात फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सवर चढताना मोबाइलवर ठोक्यांचा आकडा १८४ झाला. सायकल कडेला लावून झाडाला टेकलो. मागून येणारा मित्र थांबला, "काऊन बे, पंक्चर झाली का?"

"नाही बे, माझीच हवा गेली."

माझं वय ४४, काम खुर्चीतलं. सायकल घेण्याआधी बीपी आणि ईसीजी करून घेतलं होतं म्हणून त्या दिवशी फार घाबरलो नाही. पण २२० वजा वय केलं तर मिनिटाला माझे कमाल ठोके १७६ यायला हवेत. दुसरं सूत्र आहे, वयाला ०.७ ने गुणून २०८ मधून वजा करायचं. त्यानेही १७७ च येतात. दोन्ही सूत्रं एकमेकांशी जुळतात आणि मला दोन्ही लागू पडत नाहीत. ती सरासरी आहेत, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. मग मी १८४ लाच कमाल धरलं आणि त्याच्या ६० ते ७० टक्के, म्हणजे ११० ते १२९ मध्ये सायकल चालवायची असं ठरवलं.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण नोव्हेंबरात १२९ च्या आत राहायचं म्हणजे ताशी १५ किलोमीटर. प्रतापनगरहून अंबाझरी, तिथून फुटाळा आणि परत. वाटेत शिकवणीला निघालेल्या पोरी दप्तर पाठीवर घेऊन, गप्पा मारत मला मागे टाकून जायच्या. लाज वाटायची. आठवड्यातले चार दिवस हेच, आणि चढ फक्त रविवारी. फेब्रुवारीत त्याच ठोक्यांवर, त्याच रस्त्यावर वेग १९ वर गेला. सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी ७८ होती, ती ६४ वर आली. कारण सरळ आहे: नियमित मेहनतीने रक्तातला द्रव वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, मग तेवढ्याच कामाला ठोके कमी लागतात. मला त्याहून आवडलेला आकडा वेगळाच आहे. चढ संपल्यावर एका मिनिटात ठोके किती उतरतात? आधी १८ उतरायचे, आता ३० च्या वर.

आता पट्ट्याबद्दल. माझ्याकडे मनगटी घड्याळ होतंच, मग हा खर्च कशाला, असं घरूनही विचारलं गेलं. डिसेंबरात उत्तर मिळालं. आठ-नऊ अंश थंडी, हातमोजे नाहीत, सिमेंट रोडच्या सांध्यांवर हँडल धडधडतंय. घड्याळ ९२ सांगतंय आणि पट्टा १४८. दम तर १४८ चाच लागला होता! घड्याळ हिरव्या प्रकाशाने कातडीखालचं रक्त बघतं. थंडीत तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, हँडल धरल्यावर मनगट वाकतं, वरून हादरे. पट्टा हृदयाचा विजेचा संकेतच पकडतो. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट बांधलं की बरंच सुधरतं, तरी चढावर मी त्याच्यावर विसंबत नाही.

पट्ट्याचेही नखरे आहेत. कोरडा बांधला की पहिली दहा मिनिटं काहीही आकडे, कधी २१०, कधी शून्य. आतल्या दोन रबरी पट्ट्या नळाखाली ओल्या करायच्या, मगच बांधायचा. एकदा घाम फुटला की बिनबोभाट चालतो. बटण-सेल मला साडेचारच महिने गेला. सेल असलेली सेन्सरची डबी फिरून आल्यावर पट्ट्यावरून काढून ठेवत नव्हतो, ओल्या पट्ट्यावर ती चालूच राहते, हे उशिरा कळलं. मिठाने इलास्टिक कडक होऊन छातीखाली लाल वळ उठला, तो आठवडाभर गेला नाही. कंपनीने पाठवलेला बदली पट्टा एक माप मोठा निघाला. तो परत पाठवला तर दुसरा यायला तीन आठवडे. आता रोज साध्या पाण्याने खंगाळतो.

आणि उन्हाळा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते तापलेले नऊ दिवस, लागलाय, पहाटे सव्वापाचला निघालो तरी हवा तापलेलीच. फेब्रुवारीतल्या वेगाला तेव्हा १२८ लागायचे, आता १४० लागतात, आणि तासाभराने काही न करता आणखी पाच-सहा चढतात. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे धावतं, घामाने ते आटतं, उरलेल्यातच हृदयाला भागवायचं असतं. आधी वाटलं, सगळी कमाई गेली. मग वेग १६ वर आणला, दोन बाटल्या बांधल्या, एकीत लिंबू-मीठ. बाजूने बुलेटवर जाणारा तोच मित्र ओरडला, "चाल ना बे, तर्री संपते तिकडे!" आकडा बघितला, १२७. तसाच गेलो. तर्री संपली नव्हती, पोहे संपले होते.